नऊ क्रमांकाची होडी डावीकडे कलते

घरातल्या टबात होडी सरळ तरंगत असे. दिगंबरराव चौबळ तिच्या पाठीवर पाणसळ आडवी ठेवत, आणि काचेतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येऊन थांबे. दिगंबररावांच्या हाताखालच्या एकाही माणसाने उभ्या नोकरीत इतकी शिस्त दाखवली नव्हती. तीच होडी रविवारी सकाळी रेल्वेरुळांपलीकडच्या तळ्यात सोडली की डावीकडे कले. फार नाही, बोटभर. मोटर बंद, वारा पडलेला, पाणी ताटातल्या पाण्यासारखे निश्चल, आणि होडी डाव्या कडेवर बोटभर झुकलेली.

मोटर चालू असताना होडी कलली तर त्याचे कारण सांगता येते. पंखा एका दिशेला फिरतो आणि होडीचे अंग उलट दिशेला ढकलतो. त्यासाठी मागच्या टोकाला तळाशी दोन पितळी पट्ट्या लावायच्या असतात, आणि ज्या बाजूला होडी झुकते त्या बाजूची पट्टी किंचित खाली वाकवायची असते. दिगंबररावांनी ते केले होते. पण थांबलेल्या होडीला कोण ढकलते, याचे उत्तर पट्ट्यांत नव्हते.

दिगंबरराव एका सरकारी उद्योगात मालतपासणीस होते. कारखान्यांतून येणाऱ्या मालातली खोट शोधून ती कागदावर उतरवण्यासाठी त्यांना पगार मिळे. उरलेल्या वेळात ते हेच काम विनामूल्य करीत. नाशिकहून ते तीन वर्षांसाठी म्हणून कोलकात्याला आले. त्यानंतर मुलगी आभा इथेच शाळा-कॉलेज करून न्यू टाउनमधल्या एका कंपनीत नोकरीला लागली, तिने तिकडेच मैत्रिणीबरोबर घर घेतले, तरीही दिगंबरराव आपल्या मते तीन वर्षांसाठीच आलेले होते. बालीगंजच्या फ्लॅटमधल्या ओलीबद्दल, शेजारच्या मोहरीच्या तेलाबद्दल, आपले आडनाव ‘चौबोल’ असे उच्चारणाऱ्या समस्त शहराबद्दल त्यांची तक्रार होती. मागच्या हिवाळ्यात वृंदा, त्यांची पत्नी, चहाचा कप ओट्यावर ठेवता ठेवता गेली. त्याबद्दलही त्यांची तक्रार होती. मात्र ती कोणाकडे नोंदवावी हे त्यांना अजून सापडले नव्हते.

होडी वृंदाची. शाळेत पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या या बाईला पन्नाशीच्या तोंडावर रिमोटवर चालणाऱ्या वेगवान होड्यांचे वेड लागले. तळ्याकाठच्या क्लबात, पेन्शनीत निघालेल्या बंगाली पुरुषांच्या घोळक्यात, ती एकटी मराठी बाई जाऊन बसे. प्लायवूडच्या पातळ पट्ट्या चिकटवून तिने हातभर लांबीची होडी घडवली. डाव्या अंगाला तिने एक पोकळ कप्पा ठेवला. होडी पालथी झाली की छिद्रातून त्या कप्प्यात पाणी शिरते, ती बाजू जड होते आणि होडी आपोआप सुलटी होते. मग ती धावू लागली की तेच पाणी मागच्या छिद्रातून निघून जाते. युक्ती उत्तम होती. पण कप्प्याने डावीकडची जागा खाल्ली, म्हणून बॅटरी उजवीकडे गेली, आणि उजवीकडे जड झालेली ती होडी प्रत्येक वळणावर पालथी होऊ लागली.

“सुलटी होते ना पण?” वृंदा म्हणे.

“पालथी न होणारी बनव. म्हणजे सुलटी व्हावं लागणार नाही,” दिगंबरराव म्हणत, आणि वर्तमानपत्र उघडत.

क्लबाचा नियम असा की होडीला मिळालेला क्रमांक तिच्या मालकाचा. शेडमधल्या फळ्यावर क्रमांकापुढे नाव रंगवलेले असे. पण लागोपाठ तीन हिवाळे ज्या होडीने शर्यतीच्या तीन फेऱ्या पालथी न होता पुऱ्या केल्या नाहीत, तिचा क्रमांक काढून रांगेतल्या पुढच्या माणसाला द्यायचा आणि फळ्यावरचे नाव पुसायचे. वृंदाचा क्रमांक नऊ होता. तिचे दोन हिवाळे फुकट गेले होते. हा तिसरा.

“आमी क्या करेगा, चौबोलबाबू,” क्लबाचे चिटणीस हिरण्मयबाबू म्हणाले होते. मफलरमध्ये गुंडाळलेला हा सज्जन माणूस माफी मागितल्याशिवाय वाक्य पुरे करीत नसे. “नियम सबके लिए नियम है. बोउदी थाकती तो वो भी यही बोलती.”

दिगंबररावांना याचाच संताप आला. ती असती तर खरोखरच हेच म्हणाली असती. नियमाविरुद्ध भांडता येत नाही हे जन्मभर दुसऱ्यांना सुनावलेल्या माणसाला एकच मार्ग उरला. होडी त्यांनी स्वतः पाण्यात उतरवायची, तीन फेऱ्या पुऱ्या करायच्या, आणि फळ्यावरचे नाव राखायचे. त्या शहरात वृंदाचे नाव रंगाने लिहिलेली तेवढी एकच जागा होती.

पावसाळा सरल्यापासून ते कामाला लागले. गुरुत्वमध्य होडीच्या मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर हवा, म्हणून बॅटरी मागे-पुढे सरकवून पाहिली. पुढचे टोक पाण्यावर बेडकासारखे उड्या मारी, म्हणून पंख्याच्या दांड्याचा कोन बदलला. उरला तो उजवीकडचा जडपणा. त्यासाठी डावीकडे वजन हवे होते, आणि शिसे वापरायला क्लबाची बंदी. तळ्यात मासे पाळणाऱ्यांची तक्रार येते म्हणे. दुसऱ्याच्या तक्रारीपायी आपली अडचण व्हावी, हा अनुभव दिगंबररावांना नवा होता. वजनासाठी घर धुंडाळताना देव्हाऱ्याखाली त्यांना एक पितळी वाटी सापडली. तिच्यात वाळलेली, करडी, चिकण माती होती. तुळशीसाठी ठेवली असावी, असे त्यांनी ठरवले. प्लास्टिकच्या पिशवीत ती घट्ट बांधून होडीच्या डाव्या भिंतीला आतून चिकटवली, आणि बाल्कनीतल्या मोठ्या टबात होडी सोडली. बुडबुडा मध्ये येऊन थांबला.

तळ्यावर पहिल्याच रविवारी हिरण्मयबाबूंनी मान वाकडी करून होडीकडे पाहिले.

“चौबोलबाबू, आपका बोट तो कान लगाके कुछ शुन रहा है.”

घोळका हसला. दिगंबरराव हसले नाहीत. वृंदाला उजव्या कानाने कमी ऐकू येई. कोणी बोलू लागले की ती मान डावीकडे झुकवून, डावा कान पुढे करून ऐके. हे या माणसांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. किंवा असेलही, ती त्यांच्यात तीन वर्षे बसली होती.

त्यांनी होडी पाण्याबाहेर काढली, पुसली, आत पाणी शिरले आहे का पाहिले. कोरडी. पिशवी कोरडी, कप्पा कोरडा. काठावरच्या सिमेंटच्या बाकावर ठेवून पाणसळ लावली. बुडबुडा मध्ये. पुन्हा पाण्यात सोडली. बोटभर डावीकडे.

मग त्यांनी गुडघे टेकून, हात लांब करून, डाव्या कडेखाली बोट घातले आणि होडी सरळ केली. ती सरळ झाली. बोट काढताच ती सावकाश पुन्हा झुकली. वजनाने वस्तू पडते तशी ती झुकली नाही. झोपलेल्या माणसाची मान उशीवर नीट केली की ती जशी नकळत पुन्हा आपल्या सवयीच्या जागी जाते, तशी ती गेली. दिगंबररावांनी रुमालाने बोट पुसले आणि बराच वेळ पुसतच राहिले.

त्याहून वाईट गोष्ट त्यांच्या लक्षात यायला आणखी दोन रविवार लागले. होडी कलत असे ती नेहमी पूर्वेकडच्या जुन्या घाटाच्या बाजूला वळून. रिमोट बंद केला की इतरांच्या होड्या वाऱ्याबरोबर शेडच्या दिशेने येत. नऊ क्रमांकाची होडी आधी आपले पुढचे टोक फिरवून घेई, डावे अंग घाटाकडे करी आणि वाऱ्याच्या तोंडावर तिकडे सरकू लागे. घाई नाही. ओळखीच्या घरी निघालेल्या बाईच्या चालीने. घाटाच्या शेवटच्या पायरीपाशी, जिथे शेवाळ पाण्याखाली हलते, तिथे जाऊन थांबे.

“तिकडे प्रवाह आहे का?” दिगंबररावांनी हिरण्मयबाबूंना विचारले.

“तळ्यात प्रवाह?” हिरण्मयबाबू हिंदी विसरून इंग्रजीत म्हणाले, आणि लगेच माफी मागितली.

दिगंबररावांनी सुकाणू तपासले, रिमोट बदलला, बॅटरी बदलली. क्लबातल्या दुसऱ्या एकाची होडी मागून त्याच जागी सोडून पाहिली. ती मुकाट्याने शेडकडे आली. ज्या मालात खोट आहे पण सापडत नाही, त्याला कोणता शेरा मारावा हे त्यांना छत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणी शिकवले नव्हते. शर्यत आठवड्यावर आली होती, आणि कललेली होडी वळणावर पालथी होणार हे उघड होते. घाटाजवळच्या वळणावर तर नक्कीच.

शर्यतीच्या आदल्या दुपारी आभा आली. येताना कोपऱ्यावरून मिष्टी दोई आणली, बापाला गोड दही आवडत नाही हे ठाऊक असूनही. आईच्या आवडीची होती म्हणून आणली. देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावायला ती खाली बसली आणि तशीच थांबली.

“बाबा, इथला वाटी कुठे गेला?”

“इथली वाटी. कुठे गेली.”

“हो, गेली. कुठे गेली? माती होती त्यात.”

“तुळशीची माती ना? होडीत घातली. वजन हवं होतं डावीकडे.”

आभा उदबत्ती हातात धरून वळली. राख तिच्या मनगटावर पडली तरी तिने झटकली नाही.

“तुळशीची नाही, बाबा. विसर्जनाची आहे ती.”

दिगंबररावांना कळायला थोडा वेळ लागला. गणपतीची मूर्ती वृंदा घरीच करी. इथे मिळणाऱ्या मूर्तींचे डोळे तिला परके वाटत. या बाल्कनीतल्या टबात ती गंगेची चिकणमाती भिजवी आणि मळी. विसर्जन त्या तळ्यात, त्या घाटावर. परत निघताना पाण्याच्या कडेची मूठभर माती पाटावर घालून घरी आणायची. चार घरांत ती अंगणात किंवा धान्याच्या डब्यात टाकतात. वृंदा टाकत नसे. ती माती वाटीत जपून ठेवी, आणि पुढच्या वर्षीच्या मूर्तीच्या मातीत आधी ती मूठ मिसळी. पहिल्या वर्षीच्या गणपतीतले काही ना काही अशा रीतीने दर वर्षी तळ्यात जाई आणि दर वर्षी घरी येई. दिगंबरराव त्या वेळी आरतीचे तबक धरून उभे असत आणि भटजींच्या उच्चारांतल्या चुका मोजत. माती कुठून येते आणि कुठे जाते, हे त्यांनी पाहिले होते. ध्यानात ठेवले नव्हते.

“या वर्षी मूर्ती नाही केली, ते बरोबर आहे. वर्ष झालं नव्हतं,” आभा म्हणाली. “पण ती माती परत जायला पाहिजे होती ना? आईनं नेली असती. ती दर वर्षी न्यायची.”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“तुम्ही विचारलं असतं तर ती सांगितली असती.”

“तिने सांगितलं असतं,” दिगंबरराव म्हणाले. पण या वेळी दुरुस्ती त्यांच्या तोंडून अगदी हळू निघाली.

बाल्कनीत टब होता. टबात होडी सरळ तरंगत होती. घरात माती घरीच होती, म्हणून होडी सरळ होती. हे वाक्य दिगंबररावांच्या डोक्यात कोणी उच्चारल्यासारखे आले, आणि पदार्थविज्ञानात त्याला जागा नव्हती.

“काढून टाका ती. दुसरं काही वजन घाला,” आभा म्हणाली.

ते सोपे होते. वजनाचे पितळी माप घालता आले असते, होडी सरळ झाली असती, माती संध्याकाळी घाटावर सोडता आली असती. दिगंबररावांनी पिशवी सोडवून तळहातावर घेतली. लिंबाएवढी होती. ती पाण्यात गेली की घरात पुन्हा येणार नव्हती, कारण ती आणणारे आणि मळणारे हात आता नव्हते. आणि वृंदाच्या होडीतून वृंदाची मूठ काढून तिचा क्रमांक राखायचा, हे त्यांना मालात भेसळ करण्यासारखे वाटले. त्यांनी पिशवी फोडली. माती बोटांनी कुस्करली आणि सगळीच्या सगळी डाव्या अंगाच्या त्या पोकळ कप्प्यात भरली, जिथे पाणी शिरते आणि निघून जाते.

“हे काय करताय?”

“तिलाच नेऊ दे,” ते म्हणाले.

आभाने टबाजवळ बसून होडीच्या पाठीवरचा नऊचा आकडा ओल्या फडक्याने पुसून स्वच्छ केला.

रविवारी तळ्यावर धुके होते. लाल रंगाचे चार डबे पाण्यावर खुणेसाठी सोडले होते. त्यांतला घाटाजवळचा डबा दिसे-न-दिसेसा होता. पाच होड्या रांगेत लागल्या. नऊ क्रमांकाची होडी पाण्याला टेकली आणि नेहमीपेक्षा अधिक, जवळजवळ कडेपर्यंत, डावीकडे झुकली. कप्प्यातली माती पाणी पीत होती.

“चौबोलबाबू, आज मत छोड़िये,” हिरण्मयबाबू कानाशी म्हणाले. “डूबेगा. सॉरी.”

“सोडणार,” दिगंबरराव मराठीत म्हणाले.

शिट्टी वाजली. पहिल्या फेरीत त्यांनी वेग धरलाच नाही. होडी लंगडत, एका अंगावर ओढली जात सगळ्यांच्या मागे चालली, आणि तिच्यामागे धुक्यातल्या पाण्यावर करड्या रंगाची एक बारीक रेघ उमटत गेली. घाटाजवळच्या डब्याशी आल्यावर रिमोटवर ठेवलेल्या दिगंबररावांच्या अंगठ्याला जाणवले की सुकाणू त्यांचे ऐकत नाही. होडी वळेना. धुक्यात ती दिसेनाशी झाली. मोटरचा आवाजही थांबला, जरी त्यांनी ती बंद केली नव्हती. पलीकडून फक्त पाणी पायरीला लागल्याचा आवाज येत होता, कोणी हात बुडवून धुवावा तसा, सावकाश, दोनदा, तीनदा.

आभाने बापाचा कोपर धरला.

मग मोटर पुन्हा ऐकू आली. होडी डब्याला वळसा घालून धुक्यातून बाहेर आली. ती कमी कलली होती. दुसऱ्या फेरीत मागची रेघ अधिक गडद झाली आणि घाटाजवळ पोचता पोचता संपली. कप्पा रिकामा झाला होता. हिशेबाप्रमाणे आता डावीकडचे वजन गेले होते, बॅटरी उजवीकडे होती, आणि होडी उजवीकडे झुकून पहिल्याच वळणावर पालथी व्हायला हवी होती. पूर्वी ती तशीच होत असे. त्यासाठी तर मातीची गरज पडली होती.

होडी सरळ धावत होती.

तिसऱ्या फेरीत त्यांनी वेग वाढवला. चारही वळणे तिने अशी घेतली की कडेवरून पाण्याचा थेंब आत आला नाही. ती सगळ्यांत शेवटी आली, पण आली. पालथी न होता, तीन फेऱ्या पुऱ्या करून. हिरण्मयबाबूंनी टोपी काढली. “नंबर थाकलो,” ते बंगालीत म्हणाले, आणि माफी मागायला विसरले. फळ्यावरचे नाव राहिले.

दिगंबररावांनी रिमोट बंद केला. होडी वाऱ्याबरोबर शेडच्या दिशेने आली, इतर कोणत्याही होडीसारखी, आणि त्यांच्या बुटाला लागून थांबली. घाटाकडे तिने टोकही फिरवले नाही. खरे तर त्यांनी समाधान मानायला हवे होते. त्यांना मात्र वाटले, आपण एखाद्याला स्टेशनवर पोचवून रिकाम्या टॅक्सीने परत चाललो आहोत.

घरी आल्यावर आभाने चहा टाकला. दिगंबररावांनी होडी उलटी करून कप्प्यात टॉर्च मारला, पिन फिरवून कोपरे खरवडले. मातीचा कण उरला नव्हता. धुऊन, पुसून, सवयीने त्यांनी ती बाल्कनीतल्या टबात सोडली आणि पाणसळ घ्यायला आत गेले.

परत आले तेव्हा होडी डावीकडे कललेली होती. बोटभर. तिचे पुढचे टोक टबाच्या भिंतीकडून फिरून स्वयंपाकघराच्या दाराकडे झाले होते, जिथून चहाच्या कपांचा आवाज येत होता आणि आभा आत्याशी फोनवर मोडक्या मराठीत शर्यतीची हकीकत सांगत होती. सांगताना ती हसत होती. होडीचे डावे अंग त्या दाराच्या बाजूला होते.

दिगंबरराव पाणसळ हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, स्टूल ओढले आणि टबाशेजारी बसले.

“बाबा, चहा,” आतून आभा म्हणाली. “आणि आत्या विचारते, होडी आता सरळ चालतो ना?”

“चालते,” दिगंबरराव म्हणाले. “आणि तू तिच्याशी जरा मोठ्याने बोल. इथपर्यंत ऐकू आलं पाहिजे.”